ब्राउझरमधली बटणं स्क्रिप्टने दाबायची आहेत, पण बघून दाबली गेली पाहिजेत

अंबड_डिस्पॅच | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी,

अंबड एमआयडीसीत प्रेस पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी डिस्पॅच आणि पीओ (ग्राहकाच्या खरेदी ऑर्डर) सांभाळतो. बावीस माणसं, चार पॉवर प्रेस, एक टूलरूम. आमचा सगळ्यात मोठा ग्राहक रोज सकाळी त्याच्या व्हेंडर पोर्टलवर शेड्यूल टाकतो. साधारण १३० ओळी असतात. प्रत्येक ओळ उघडायची, तारीख आणि नग बघायचे, 'कन्फर्म' दाबायचं, वर एक छोटी खिडकी येते तिच्यात 'ओके' म्हणायचं, मग परत यादीवर यायचं. एका ओळीला २५ सेकंद धरले तरी पाऊण तासाच्या वर जातो, आणि नेमका तो वेळ टेम्पो भरायचा असतो.

माझ्या मावसभावाने पूर्वी ऑटोइट नावाच्या प्रोग्राममध्ये आपोआप क्लिक करणारी एक स्क्रिप्ट करून दिली होती. पोर्टल तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालायचं आणि स्क्रिप्ट छान काम करायची. पुढे पोर्टल क्रोमवर गेलं आणि ती बंद पडली. मग मी ऑटोहॉटकी शिकलो. स्क्रीनवर बटण कुठे दिसतं ते मोजायचं आणि तिथे माउस नेऊन क्लिक मारायचं. ज्या ओळी वगळायच्या त्या एक्सेलमध्ये आधीच खूण करून ठेवायचो.

मागच्या महिन्यात एका सकाळी पोर्टलच्या वरच्या बाजूला सूचनेची एक पिवळी पट्टी आली. तिच्यामुळे सगळी यादी बरोबर एका ओळीने खाली सरकली. सहावी ओळ वगळायची होती, पण सातव्या ओळीसाठी मारलेलं क्लिक सहाव्या ओळीवर पडलं. शेवटपर्यंत हेच होत राहिलं. ज्या तारखा आम्हाला जमणारच नव्हत्या अशा तीन ओळी कन्फर्म होऊन बसल्या. ग्राहकाच्या माणसाला फोन केला तर उत्तर आलं, एकदा कन्फर्म झालं की मागे घेता येत नाही. टूलरूमच्या दोन पोरांनी दोन रात्री जागून डाय दुरुस्त केला, तरी एक लॉट उशिरा गेला आणि पैसे कापल्याची डेबिट नोट आली. शेठ एका शब्दाने बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

आता हे नीट शिकून करायचं आहे. जागा मोजून नाही, बटण ओळखून क्लिक करायचं. कुठून सुरुवात करू?

---

जुना_व्हीबीवाला | सोमवार, रात्री १०:०२

सिडकोत राहतो. आता निवृत्त आहे, पण सातपूरच्या कारखान्यांसाठी व्हीबी सहामध्ये (व्हिज्युअल बेसिक या भाषेत) स्टोअरचे प्रोग्राम खूप लिहिले. तुमची जुनी स्क्रिप्ट का चालायची आणि आता का चालत नाही, एवढं सांगतो. ते कळलं की पुढचा रस्ता सोपा होतो.

विंडोजच्या साध्या प्रोग्राममध्ये प्रत्येक बटण ही स्वतःच एक छोटी खिडकी असते. तिला विंडोज एक क्रमांक देते, त्याला हँडल म्हणतात. ऑटोइटमधलं कंट्रोलक्लिक ते हँडल शोधून बटणाला थेट निरोप पाठवतं, की तुला दाबलं आहे. माउस जागचा हलत नाही, खिडकी दुसऱ्या खिडकीच्या मागे असली तरी काम होतं. जुन्या हिशोबाच्या प्रोग्रामवर ही पद्धत आजही उत्तम चालते.

वेबपेजचं तसं नाही. क्रोम सगळं पान एकाच खिडकीत रंगवतो. त्यातलं 'कन्फर्म' आपल्या डोळ्याला बटण दिसतं, विंडोजच्या लेखी तिथे वेगळं बटण नसतंच. खिडकीतल्या बटणांची नावं दाखवणारं ऑटोइटचं विंडो इन्फो हे साधन त्यावर नेऊन बघा, पानावर कुठेही ठेवलात तरी तेच एक नाव येईल. मग तुमच्या भावाची स्क्रिप्ट पूर्वी कशी चालत होती? कारण इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःचं पोट बाहेरच्या प्रोग्रामला उघडून दाखवायचा. कॉम नावाच्या सोयीने पानातला प्रत्येक फॉर्म, प्रत्येक बटण स्क्रिप्टच्या हाती यायचं, आणि ऑटोइटमध्ये त्यासाठी तयार लायब्ररी होती. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ ला तो ब्राउझर निवृत्त केला. क्रोममध्ये ते दार नाही. वेगळं दार आहे, पण ते मला वापरून माहीत नाही. ते कॉलेज रोडच्या ताई सांगतील, त्या रोज तेच करतात.

तोवर एक करा. जागा मोजून क्लिक मारणारी स्क्रिप्ट आजच बंद ठेवा. नुसती पट्टी कशाला, उद्या कोणी स्क्रीनचं स्केलिंग १०० वरून १२५ टक्के केलं तरी सगळी मापं चुकतील.

---

टेस्टर_कॉलेजरोड | सोमवार, रात्री ११:३०

काकांनी पाया घातलाच आहे. मी बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करते आणि त्यातला निम्मा वेळ ब्राउझरकडून बटणं दाबून घेण्यात गेला आहे.

पानातली प्रत्येक गोष्ट ब्राउझरच्या आत एका झाडासारखी मांडलेली असते, त्याला डॉम म्हणतात. बटण त्या झाडाचं एक पान. ते गाठायचे मला तीन मार्ग माहीत आहेत.

पहिला, एफ१२ दाबून कन्सोल उघडायचा आणि जावास्क्रिप्टची एक ओळ लिहायची, की अमुक खुणेचं बटण शोध आणि त्याचं क्लिक चालव. शिकायला हा मार्ग फार चांगला, कारण चूक लगेच दिसते. कन्सोलमध्ये काही पेस्ट करायला गेलात तर क्रोम अडवतो आणि 'अलाऊ पेस्टिंग' असं टाइप करायला लावतो. कोणीतरी पाठवलेला कोड न वाचता चिकटवून लोकांची खाती गेलेली आहेत, म्हणून ती आडकाठी आहे. या धाग्यावरचा कोडसुद्धा समजल्याशिवाय चिकटवू नका.

दुसरा मार्ग युजरस्क्रिप्टचा. टॅम्परमंकीसारखं एक्स्टेन्शन घातलं की तुमची स्क्रिप्ट त्या साइटवर आपोआप चालते. २००५ मध्ये फायरफॉक्ससाठी ग्रीसमंकी आलं तेव्हापासून लोक हे करत आहेत. एका बटणासाठी ठीक. १३० ओळींची नोंद ठेवायची असेल तर अपुरं पडतं.

तिसरा मार्ग तुमच्यासाठी. ब्राउझरला बाहेरून चालवायचं. २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी शिकागोत थॉटवर्क्समध्ये असताना सेलेनियम सुरू केलं. त्यांना कंपनीतलंच एक वेब ॲप्लिकेशन हाताने पुन्हा पुन्हा तपासायला लागत होतं. तुमचंही दुखणं तेच आहे. पुढे वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला बाहेरून आज्ञा द्यायची ठरलेली पद्धत, आला आणि २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला अधिकृत मानक केलं. म्हणजे काका म्हणतात तसं दार आता ब्राउझर बनवणाऱ्यांनीच ठेवलं आहे. गुगलने २०१७ मध्ये पपेटियर आणलं, मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये प्लेराइट. नव्याने शिकणाऱ्याला मी प्लेराइट सुचवते, पायथॉनमधून.

कारण सांगते. क्लिक मारणं या सगळ्या कामात सगळ्यात सोपं आहे. अवघड आहे ते 'आता मारू का' हे ठरवणं. लोक स्क्रिप्टमध्ये 'तीन सेकंद थांब' असं लिहितात. पोर्टल सकाळी साडेआठला हळू चालतं, तीन सेकंदांत पान येत नाही आणि क्लिक हवेत जातं. प्लेराइट क्लिक करण्याआधी स्वतः बघतो, बटण दिसतंय का, हलत नाहीये ना, दाबण्याजोगं आहे का, त्याच्यावर दुसरं काही आडवं आलेलं नाही ना. हे सगळं जुळेपर्यंत तो थांबतो, आणि नाहीच जुळलं तर चूक दाखवून बंद पडतो. तुमच्या खुणेला एकाऐवजी दोन बटणं सापडली तरीही तो क्लिक करत नाही.

बटणाची खूण 'यादीतलं सातवं' अशी कधीच देऊ नका. 'ज्या ओळीत अमुक पीओ नंबर आणि अमुक लाइन नंबर आहे, त्या ओळीतलं कन्फर्म नावाचं बटण' अशी द्या. मग वर पट्ट्या कितीही येऊ देत.

---

निफाड_पॅकहाऊस | मंगळवार, सकाळी ७:१०

दादा, तुमची डेबिट नोट वाचून जीव हळहळला. आमच्याकडे द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, अशीच घाई असते. युरोपला माल पाठवायचा तर ग्रेपनेटवर, म्हणजे द्राक्ष निर्यातीच्या सरकारी पोर्टलवर, बागेची नोंद, नमुना, औषधांच्या अंशाचा लॅब रिपोर्ट, सगळं साखळीत लागतं. त्याशिवाय एका परदेशी खरेदीदाराचं स्वतःचं वेगळं पोर्टल आहे. त्यावरून प्रत्येक कंटेनरची कागदपत्रं एकेक करून उतरवायची. रात्री अकरापर्यंत दोघी बसायचो.

गेल्या वर्षी मी प्लेराइटचं कोडजेन वापरायला लागले. ते सुरू करायचं, आपण हाताने एकदा काम करायचं, आणि बाजूच्या खिडकीत स्क्रिप्ट आपोआप लिहून येते. तशीच्या तशी वापरायची नाही. एका कंटेनरचा नंबर त्यात पक्का बसलेला असतो, तो काढून तिथे यादी लावायची. मी वाणिज्य शाखेची, कोड कधी शिकले नव्हते, तरी आठ दिवसांत जमलं.

एक ठेच सांगते. आधी मी टॅम्परमंकीत केलं होतं. टॅब समोर असेपर्यंत नीट चालायचं. दुसरं काम करायला टॅब मागे टाकला की स्क्रिप्ट रेंगाळायची. मागच्या टॅबचे टायमर क्रोम मुद्दाम हळू करतो. पाच मिनिटं मागे राहिला की मिनिटातून एकदाच हलतो. मी दोन दिवस पोर्टललाच नावं ठेवत होते.

आणि मी फक्त कागद उतरवते. मंजुरीचं बटण स्क्रिप्टला कधी दिलं नाही. तुमचं काम त्यामुळे माझ्यापेक्षा जोखमीचं आहे.

---

गंगापूर_रोडकर | मंगळवार, सकाळी १०:४५

विषय निघालाच आहे तर, तत्काळ तिकिटासाठी अशी स्क्रिप्ट मिळेल का? कॅप्चा भरणारी? ओळखीतल्या बऱ्याच लोकांना लागतं.

---

टेस्टर_कॉलेजरोड | मंगळवार, सकाळी ११:०५

नाही, आणि इथे कोणीही देऊ नये. दुसऱ्यांना तिकिटं काढून देण्याचा विनापरवाना धंदा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. ई-तिकिटांनाही ते लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी झालेलं खातं लागतं, तेही याच कारणाने. रांगेत उभ्या माणसाची जागा यंत्राने घ्यायची हा प्रकार, आणि धागाकर्त्याने स्वतःच्या लॉगिनमधून स्वतःच्याच ऑर्डर बघणं, या दोन गोष्टी मी एका पंगतीत बसवणार नाही. कॅप्चा आणि ओटीपी माणसासाठी आहेत, ते माणसानेच भरायचे.

धागाकर्ते, तुम्हीही ग्राहकाच्या आयटी विभागाला एक मेल टाका. एक्सेल अपलोडची सोय आहे का विचारा. असली तर यातलं काहीच लागणार नाही. नसली तर स्क्रिप्ट चालवायची लेखी परवानगी घ्या.

---

अंबड_डिस्पॅच | बुधवार, रात्री ९:५०

मेल केला होता. उत्तर आलं. अपलोडची सोय आमच्यासारख्या छोट्या व्हेंडरना अजून नाही. स्वतःच्या लॉगिनमध्ये स्क्रिप्ट चालवायला हरकत नाही, मात्र दोन ओळींमध्ये किमान दोन सेकंद सोडा, असं लिहून दिलं आहे. त्या मेलची प्रिंट काढून फाइलला लावली.

प्लेराइट बसवलं. कोडजेनने पहिली स्क्रिप्ट निघाली. लॉगिन आणि ओटीपी मी हाताने करतो, पुढचं तिच्याकडे. पासवर्ड फाइलमध्ये कुठेही लिहिलेला नाही.

दोन अडचणी आल्या. पहिली, लाइन नंबर १० शोधायला सांगितला की 'दोन बटणं सापडली' म्हणून थांबते. दुसरी मला कळतच नाही. स्क्रिप्ट पाच ओळी चालवून बघितल्या. पाचही ठिकाणी क्लिक झालं, कुठेही चूक दाखवली नाही. पण पोर्टल परत उघडून बघतो तर एकही ओळ कन्फर्म नाही. 'ओके' विचारणारी ती छोटी खिडकी मला दिसलीसुद्धा नाही.

---

टेस्टर_कॉलेजरोड | बुधवार, रात्री १०:४०

पहिलीचं उत्तर सोपं आहे. तुम्ही 'ज्यात १० आहे' असं शोधताय, आणि १०० मध्येही १० आहे, ११० मध्येही. पूर्ण रकाना तंतोतंत १० असला पाहिजे असं सांगा. तो थांबला हे किती बरं झालं बघा, जुन्या पद्धतीत त्याने पहिलं दिसेल ते दाबलं असतं.

दुसरी मात्र फार जणांना चकवते, म्हणून सविस्तर लिहिते. 'नक्की करायचं का' अशी जी खिडकी येते ती पानाचा भाग नसते. ब्राउझर स्वतः ती काढतो आणि उत्तर मिळेपर्यंत पानाचं सगळं काम थांबवून ठेवतो. स्क्रिप्ट चालवताना तिथे उत्तर द्यायला माणूस नसतो. म्हणून तिचं काय करायचं हे तुम्ही सांगितलेलं नसेल तर प्लेराइट ती परस्पर 'कॅन्सल' करून टाकतो. क्लिक खरंच झालं, खिडकी आली, क्षणात नाकारली गेली, आणि पोर्टलने तुमचा नकार मानला.

यावर उपाय एका ओळीचा आहे. डायलॉग आला की तो स्वीकार, असं स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहायचं. पण थांबा, तसंच लिहू नका. आधी त्या खिडकीतला मजकूर वाचायला लावा. तुमच्या पोर्टलवर त्या मजकुरात काय काय येतं?

---

अंबड_डिस्पॅच | बुधवार, रात्री ११:०५

आत्ता हाताने उघडून बघितलं. पीओ नंबर, लाइन, नग आणि तारीख, चारही येतात. इतकी वर्षं ती खिडकी न वाचता ओके करत आलो.

---

टेस्टर_कॉलेजरोड | बुधवार, रात्री ११:१२

मग तुमचं काम झालंच. चारही गोष्टी तुमच्या एक्सेलशी ताडून बघा. तंतोतंत जुळल्या तरच स्वीकार, नाहीतर नकार, आणि ती ओळ वेगळ्या यादीत. म्हणजे चुकीच्या ओळीवर क्लिक पडलं तरी शेवटच्या दारात ते अडेल.

आणि कन्फर्म झाल्यावर पान पुन्हा वाचून 'स्थिती' रकान्यात खरंच बदल झाला का ते बघा. क्लिक केलं ही नोंद पुरत नाही, पोर्टलने घेतलं ही नोंद हवी.

---

जुना_व्हीबीवाला | गुरुवार, सकाळी ६:३०

ताई म्हणतात त्यात एक भर. पहिले काही दिवस क्लिकची ओळ बंद ठेवून चालवा. ती काय करणार होती एवढीच यादी तिने काढावी, आणि काम तुम्ही हाताने करा. संध्याकाळी दोन्ही याद्या शेजारी ठेवा. स्टॉकचा नवा प्रोग्राम लावताना आम्ही महिनाभर जुनं रजिस्टर बंद करू देत नव्हतो.

---

निफाड_पॅकहाऊस | गुरुवार, सकाळी ७:२०

काका +१. आणि दादा, प्रत्येक ओळीनंतर नोंद फाइलमध्ये लगेच लिहा, शेवटी एकदम नको. आमच्याकडे लाइट गेली आणि ८४ कंटेनरपैकी कुठपर्यंत झालं तेच कळेना.

---

अंबड_डिस्पॅच | पुढच्या आठवड्यात शुक्रवार, रात्री ८:४०

उशीर झाला, पण पूर्ण चालवून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

चार दिवस क्लिक बंद ठेवून चालवली. दोन ठिकाणी यादी जुळली नाही. एक स्क्रिप्टची चूक होती. ग्राहक तारीख दोन प्रकारे लिहितो, कधी आधी दिवस, कधी आधी महिना, आणि ५ जून ती ६ मे वाचत होती. आता तारीख शंकास्पद असली की ती ओळ माझ्याकडे येते. दुसऱ्या ठिकाणी स्क्रिप्ट बरोबर होती, मी हाताने चुकीची ओळ कन्फर्म करणार होतो.

काल आणि आज खरी चालवली. कामाची वाटणी अशी ठेवली आहे. स्क्रिप्ट आधी पूर्ण यादी वाचून एक्सेलमध्ये आणते, काही दाबत नाही. मग मी आणि टूलरूमचा मुकादम ती कागदावर बघतो, जमणार नाही त्यावर तो पेनने रेघ मारतो. त्यानंतर उरलेल्याच ओळी स्क्रिप्ट कन्फर्म करते, खिडकीतल्या चारही गोष्टी ताडून. माझा वेळ आता पंधरा मिनिटांच्या आत आला, आणि तोही कागद वाचण्यात जातो. मुकादमाला शेड्यूल पहिल्यांदाच सकाळी नऊच्या आत हातात मिळतंय. आज त्याने तीन डाय कोणत्या क्रमाने चढवायचे ते बदललं.

आज सकाळी ती पिवळी पट्टी परत आली होती. मी खुर्चीच्या कडेवर बसून बघत होतो. स्क्रिप्टने प्रत्येक ओळ पीओ नंबरवरून शोधली, एकही सरकली नाही. १२६ पैकी ११५ कन्फर्म झाल्या, दहांवर मुकादमाची रेघ होती, आणि एक तिने स्वतः नाकारून बाजूला ठेवली. उघडून बघितली तर यादीत नग ४०० आणि खिडकीत ४०००. ग्राहकाच्या माणसाला फोन केला. त्याच्याकडून दुरुस्ती करताना एक शून्य जास्त पडलं होतं. दुपारी दोनला सुधारून आलं.

---

निफाड_पॅकहाऊस | शुक्रवार, रात्री ९:०५

दादा, तो खिडकीतला मजकूर ताडून बघण्याचा भाग मला व्यनि कराल का? पीओ नंबर, दर वगैरे काढून. कंटेनरच्या सील नंबरसाठी मला तोच लागणार आहे.

---

अंबड_डिस्पॅच | शुक्रवार, रात्री ९:१२

उद्या सकाळचं शेड्यूल झालं की पाठवतो, ताई. तारखेचं दुरुस्त केलेलंही सोबत देतो.